चाळीस खाटांची इमारत बांधण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागच्या वर्षी तुम्ही केनियात किसुमूजवळच्या एका बालगृहात तीन आठवडे राहून आलात, तिथली मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि आता नऊ जण मिळून त्याच भागात चाळीस मुलांसाठी स्वतःचं अनाथालय उभं करायचं ठरवताय. जमीन बघून झाली आहे, बांधकामापुरते पैसे जवळपास जमलेत. नोंदणी कुठे आणि कशी करायची, तिथला विश्वासू माणूस कसा शोधायचा, आणि एका मुलामागे एक देणगीदार अशी दत्तक-पालक योजना चालवावी का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी या कामात १८ वर्षं आहे. त्यातली पहिली पाच एक बालगृह चालवण्यात गेली, तिथेच, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण त्या तिन्हींच्या आधी यायला हवा असा एक प्रश्न तुमच्या लिहिण्यात नाही, आणि तो मीही पहिली काही वर्षं विचारला नव्हता: ज्या चाळीस मुलांसाठी तुम्ही खाटा मोजताय, ती आज रात्री कोणाच्या घरी झोपणार आहेत?

आधी ‘अनाथ’ या शब्दाकडे बघू. आपल्या मनात अनाथ म्हणजे आई-बाप दोघंही नसलेलं मूल. युनिसेफच्या मोजणीत मात्र दोघांपैकी एक जरी गेलेला असला तरी मूल अनाथ धरतात. २०१५ च्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे १४ कोटी मुलं होती, आणि त्यांतली दोन्ही पालक गमावलेली होती सुमारे दीड कोटी. म्हणजे बाकी सगळ्यांची आई किंवा बाप हयात होता. ज्यांचे दोघंही गेले त्यांतलीही बहुतेक मुलं आजी, मावशी, काका, थोरली बहीण अशा कोणाच्या तरी घरात वाढतात. मग अनाथालयात कोण असतं? सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २००९ साली मांडलेलं चित्र असं होतं की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांची आई, वडील किंवा दोघंही जिवंत आहेत. ती मुलं तिथे येतात कारण तिथे शाळा मिळते, दोन वेळचं जेवण मिळतं, आजारपणात औषध मिळतं. घरात या गोष्टी परवडत नाहीत आणि संस्थेच्या फाटकाआत त्या फुकट आहेत. आई मूल टाकून जात नाही, ती त्याला शाळेत पाठवते आहे असं तिला वाटत असतं.

आमच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता. फाइलवर लिहिलं होतं, ‘आई-वडील मृत, नातेवाईक नाहीत.’ दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक म्हातारी यायची, फाटकासमोरच्या आंब्याखाली बसायची आणि ऊन उतरलं की निघून जायची. पहारेकऱ्याच्या ओळखीची असेल असं मी धरून चालले होते. सात-आठ महिन्यांनी एकदा तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं अंगावरच्या लेसोच्या, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या कापडाच्या, टोकाची गाठ सोडली. आत दोन उकडलेली अंडी होती, पहारेकऱ्याकरवी आत पाठवण्यासाठी. ती त्या मुलाची आजी होती, आईची आई. ११ किलोमीटर चालत यायची. आत का येत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, मुलाला घेताना आमच्याच एका माणसानं सांगितलं होतं की कोणी नातेवाईक दिसले तर त्याला घरी पाठवतील आणि शाळा सुटेल. तो मुलगा कुंपणाच्या आतून तिच्याकडे बघत उभा राहायचा. दोघंही एकमेकांना हात करत नसत.

त्या रात्री मी हिशेब मांडला. मुलाच्या वर्षाच्या शाळेचा खर्च, गणवेश, वह्या आणि आजीच्या घरचा वर्षाचा मका हे सगळं धरलं, तरी बालगृहात त्याच्यावर होणाऱ्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्यालाही ते पोचत नव्हतं. आम्ही पाचपट पैसे घालून त्याला त्याच्या आजीपासून तोडलं होतं.

‘पण आमच्याकडे प्रेमानं सांभाळणारी माणसं असतील,’ असं तुम्ही म्हणाल. असतीलही. आमच्याकडेही होती. अडचण प्रेमाची नसून कामाच्या पाळ्यांची आहे. सकाळची बाई दुपारी घरी जाते, रात्रीची वेगळी येते, वर्षभरात निम्म्या नोकरी सोडतात. लहान मुलाला एकच चेहरा पुन्हा पुन्हा लागतो, आणि पगारी पाळीत तो मिळत नाही. रुमानियात १९८९ साली हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा सरकारी बालगृहांत एक लाखाहून जास्त मुलं सापडली. पुढे बुखारेस्टमध्ये अशाच संस्थांतल्या १३६ लहान मुलांवर अभ्यास झाला. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून काहींना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवलं आणि त्यांची वाढ वर्षानुवर्षं मोजली. कुटुंबात गेलेली मुलं बोलण्यात, बुद्धीत, माणसांशी जवळीक जोडण्यात पुढे राहिली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खाट ठेवण्याचा विचारही मनातून काढून टाका, इतकं मी ठामपणे सांगते.

आता नोंदणी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबी हे मुलाला घरापासून वेगळं करण्याचं कारण असू शकत नाही. केनिया सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये नवीन खासगी बालगृहांची नोंदणी थांबवली. २०२२ मध्ये नवा बालक कायदा आला, आणि त्याच वर्षी मुलांचं संगोपन संस्थांकडून कुटुंबांकडे नेण्याचा २०३२ पर्यंतचा राष्ट्रीय आराखडाही आला. म्हणजे ज्या गोष्टीतून देश बाहेर पडतो आहे तीच तुम्ही नव्यानं बांधायला निघालात. ‘माझी ओळख आहे, मी करून देतो’ असं सांगणारा कोणीतरी तुम्हाला भेटेल, कदाचित भेटलाही असेल. त्याच्यापासून लांब राहा. मुलाला बालगृहात ठेवायचं तर चिल्ड्रन्स ऑफिसरची, म्हणजे सरकारी बालकल्याण अधिकाऱ्याची, चौकशी आणि न्यायालयाचा आदेश लागतो. त्याशिवाय मुलं गोळा करणारी जागा कितीही स्वच्छ असली तरी बेकायदा आहे, आणि उद्या ती बंद झाली की मुलांचं काय होईल हे तुमच्या हातात राहत नाही.

हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकन स्वयंसेवकांना सीमेवर अटक झाली होती. ते ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अनाथालयात नेत होते. नंतर कळलं की त्या सगळ्या मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक तरी हयात होते. चांगल्या मनाची माणसं कुठवर जाऊ शकतात हे नवीन सहकाऱ्यांना समजावं म्हणून मी हे उदाहरण नेहमी देते.

संस्था म्हणून नोंदणीचं म्हणाल तर दोन वेगळी कामं आहेत. जिथे तुम्ही देणग्या गोळा करता तिथे त्या देशाच्या धर्मादाय आणि करकायद्याप्रमाणे एक संस्था हवी. तिचे विश्वस्त, वार्षिक हिशेब आणि परदेशी पैसे पाठवण्याची परवानगी तिथला सनदी लेखापाल बघेल, आणि हे देशागणिक इतकं बदलतं की मी इथून काही सांगणं योग्य नाही. केनियाच्या बाजूला सार्वजनिक हिताच्या संस्थांचा २०१३ चा कायदा मे २०२४ पासून लागू झाला आहे. माझा सल्ला असा की पहिली तीन वर्षं तिथे स्वतःची नोंदणी करूच नका. आधीपासून कुटुंबांबरोबर काम करणारी एखादी स्थानिक संस्था शोधा आणि लेखी करार करून तिला निधी द्या. तुमचं नाव फाटकावर लागणार नाही, पण काम पहिल्या महिन्यापासून सुरू होईल.

काम म्हणजे नेमकं काय, हे जरा खोलात सांगते, कारण ‘कुटुंबाला आधार’ हे शब्द ऐकायला पोकळ वाटतात.

आधार म्हणजे सर्वांत आधी एक माणूस. आम्ही त्याला केस वर्कर म्हणतो. तो स्थानिक असतो, डोलुओ आणि स्वाहिली बोलतो, आणि त्याच्याकडे पंचविसेक कुटुंबं असतात, जास्त नाहीत. तो घरी जातो, बसतो, चुलीवर काय आहे ते बघतो. मुलगी शाळेत गेली नाही तर का गेली नाही हे त्याला तिच्या मावशीकडून कळतं, शाळेच्या हजेरीपटावरून नव्हे. आमच्या खर्चातला सगळ्यात मोठा हिस्सा या माणसांच्या पगाराचा आहे. देणगीदारांना पगार आवडत नाहीत, त्यांना दप्तरं आवडतात. पण दप्तर घेऊन मूल शाळेत गेलं की नाही हे पगारी माणसाशिवाय कोण बघणार?

मग येतात कागद. आईचा मृत्यू दाखला नाही, मुलाचा जन्म दाखला नाही, आजीचं ओळखपत्र हरवलेलं. केनिया सरकार २००४ पासून अनाथ आणि असुरक्षित मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना रोख मदत देतं, पण कागद नसतील तर नाव यादीत येत नाही. आमच्या एका केस वर्करनं एका मावशीला घेऊन सरकारी कचेरीत चार खेपा घातल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा गावच्या चीफचा शिक्का अस्पष्ट होता, एकदा स्पेलिंग चुकलं होतं. चौथ्या खेपेला दाखला मिळाला. या सगळ्याचा खर्च म्हणजे बोडाबोडाचं, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचं, भाडं आणि त्या माणसाचे चार दिवस. त्यातून जे हाती आलं ते आमची संस्था उद्या बंद पडली तरी त्या घरात राहणार आहे.

तिसरी गोष्ट पैसे. एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा २००७ साली सुरू झाल्यापासून थेट घरात पैसे पोचवणं सोपं झालंय आणि मी रोख मदतीच्या बाजूची आहे. आजीला आपल्या घरात काय हवं ते माझ्याहून चांगलं कळतं. पण एक गोष्ट पहिल्याच भेटीत तपासा: मोबाइलमधलं सिम कोणाच्या नावावर आहे? आमच्या यादीतल्या कितीतरी आज्यांचे नंबर खरं तर मुलाचे किंवा शेजाऱ्याचे होते. मेसेज त्यांच्याकडे जायचा, पिन त्यांनाच माहीत असायचा. आजीला विचारलं तर ती म्हणायची, पैसे आले. किती आले ते तिला माहीत नसायचं. तेव्हापासून पहिला हप्ता केस वर्कर आजीजवळ बसून पाठवून घेतो आणि ती एजंटकडे जाऊन पैसे हातात घेईपर्यंत बरोबर राहतो.

मदत किती दिवस चालू ठेवायची हे मात्र घरागणिक ठरतं. काहींना दोन वर्षांत उभं राहता येतं: कोंबड्या, शिलाई मशीन, धाकटा काका कामाला लागला. काही घरांत आजी ७८ वर्षांची आहे, तिथे उत्पन्न वाढवण्याच्या गोष्टी करणंच चुकीचं. तिथे मूल मोठं होईपर्यंत हात धरावा लागतो आणि आजीनंतर कोण, हे आजी असतानाच ठरवावं लागतं. आम्ही ते आजी, तिची मुलं आणि गावातला एखादा वडीलधारा यांना एकत्र बसवून ठरवतो आणि लिहून ठेवतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. प्रत्येक नातेवाईक चांगला असतो असं मी म्हणत नाही. भावाच्या जमिनीसाठी पोर ठेवून घेणारे काका मी पाहिलेत. घरात मारहाण असेल, लैंगिक अत्याचार असेल, तर मूल त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं आणि त्याला सुरक्षित जागा लागते. युद्धातून किंवा दुष्काळातून एकटी आलेली मुलं असतात, त्यांच्या माणसांचा शोध लागायला महिने जातात. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांना घरी सांभाळायला जी मदत लागते ती बहुतेक गावांत नसते. अशा वेळी प्रतिपालक कुटुंब हवं. केनियाच्या नव्या कायद्यात त्याची तरतूद आहे, आणि मुस्लिम कुटुंबांसाठी कफालाची, म्हणजे इस्लामी रीतीनं मूल सांभाळायला घेण्याचीही. तेही न मिळाल्यास थोड्या दिवसांसाठी लहानसं निवासी केंद्र लागतं. तुमच्या पैशातून असं आठ-दहा मुलांचं तात्पुरतं केंद्र चालवणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला मदत झाली, तर मी विरोध करणार नाही. अट एकच: पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये ‘इथून कुठे आणि कधी’ हे लिहिलेलं हवं.

विश्वासू माणूस कसा शोधायचा, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी एक माणूस शोधणं सोडून दिलं आहे आणि तुम्हीही सोडावं अशी विनंती आहे. आमच्या सुरुवातीच्या काळात सगळं एका समन्वयकावर होतं. गोड बोलणारा, मुलांचा लाडका, दर महिन्याला वेळेवर पावत्या पाठवणारा. एकदा मी तीन महिन्यांच्या पावत्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. तीन वेगळ्या दुकानांची नावं होती: धान्य, औषधं, गणवेश. अक्षर एकच होतं. सात हा आकडा मध्ये आडवी रेघ मारून लिहायची त्याची सवय मला माहीत होती, आणि तो सात तिन्ही दुकानांत होता. चौकशी झाली, दोन वर्षांतले बरेच पैसे गेलेले निघाले. पण मला जास्त लागलं ते हे की गावातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक होतं आणि आम्हाला सांगायला त्यांच्याकडे वाटच नव्हती. आमचा फोन नंबर फक्त त्याच्याकडे होता.

म्हणून आता आम्ही माणसाऐवजी रचना बघतो. बँकेतून पैसे काढायला दोन सह्या, आणि त्या दोघांचं आपसात नातं नको. स्थानिक संचालक मंडळात सगळे एकाच घरातले किंवा एकाच चर्चचे नकोत. पैसे तिमाही हप्त्यांत, मागचा हिशेब आल्यावर पुढचा. दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी. आणि प्रत्येक कुटुंबाकडे एक नंबर, ज्यावर तक्रार करता येईल आणि जो त्या संस्थेतल्या कोणाचाही नाही. कुटुंबाला किती रक्कम मिळायला हवी हे त्यांच्या भाषेत लिहिलेलं कार्ड त्यांच्या हातात असतं. या एका कार्डानं जेवढ्या गोष्टी उघडकीला आल्या तेवढ्या ऑडिटमधून आल्या नाहीत. होतकरू संस्थेला भेटाल तेव्हा तिला हेही विचारा की मागच्या वर्षात किती मुलं तुमच्या मदतीतून बाहेर पडली आणि आता ती कुठे आहेत. ज्यांना हे सांगता येतं त्यांच्याशी पुढे बोला.

मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण ही तर करारातली पहिली अट ठेवा, पैशांच्याही आधी. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचा पोलीस दाखला, कोणीही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नाही, तक्रार आली तर ती आपसात न मिटवता चिल्ड्रन्स ऑफिसरकडे आणि पोलिसांकडे. हे नियम तुम्हा नऊ जणांनाही लागू आहेत.

आणि म्हणूनच तीन आठवड्यांच्या मुक्कामाबद्दल बोलावं लागतं. तुम्ही मुलांत रमलात, त्यांनीही तुमचा हात धरला, यात खोटं काही नाही. पण अनोळखी माणसाच्या मांडीवर पाच मिनिटांत येऊन बसणारं मूल हे जोडलेलं मूल नसतं, तुटत राहिलेलं असतं. तुमच्या आधी कोणी तीन आठवडे होतं, तुमच्यानंतर आणखी कोणी आलं असेल. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, पर्यटक आणि त्यांच्या देणग्या वाढल्या म्हणून. नेपाळमध्ये बालगृहं सापडतात ती काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन अशा पर्यटक येतात त्या जिल्ह्यांत, सर्वांत गरीब डोंगराळ जिल्ह्यांत नव्हे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं आधुनिक गुलामगिरीचा विचार करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली. केनियात पुन्हा जायचंच असेल तर केस वर्करना शिकवायला जा, हिशेबाची पद्धत बसवून द्यायला जा. मुलांना भेटू नका असं नाही, पण भेट मुलांसाठी नाही हे मनाशी पक्कं असू द्या.

तिसरा प्रश्न दत्तक-पालक योजनेचा. पैसे उभे करायला ती सोपी आहे हे मला मान्य आहे. आम्हीही सहा वर्षं चालवली. एका घरात दोन भावंडं, थोरलीला परदेशात देणगीदार मिळाला, धाकट्याला नाही. तिला बूट आले, पत्र आलं, वाढदिवसाला पार्सल आलं. धाकटा सात वर्षांचा होता. त्यानं केस वर्करला विचारलं, माझा फोटो खराब आला होता का? त्यानंतर आम्ही सगळ्या देणग्या एका सामाईक निधीत घेऊ लागलो. देणगीदाराला एखाद्या गावाच्या प्रगतीची माहिती वर्षातून दोनदा जाते, मुलाचं नाव आणि पत्ता जात नाही. काही देणगीदार सोडून गेले, पण बहुतेकांनी समजून घेतलं.

फोटोचं तर आणखी गंभीर आहे. आम्ही एका मुलीचा हसरा फोटो आमच्या माहितीपत्रकात छापला होता आणि खाली एका वाक्यात तिची आई एड्सनं गेल्याचं लिहिलं होतं. सहा वर्षांनी ती माध्यमिक शाळेत असताना वर्गातल्या कोणीतरी तो इंटरनेटवर शोधून काढला. ती शाळा तिला सोडावी लागली. तिच्या मावशीनं तेव्हा कागदावर अंगठा दिला होता, पण तिला कसली संमती देतोय हे कळलं होतं का? आज आम्ही चेहरा, नाव, गाव आणि आजार यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र देत नाही. केनियात २०१९ चा माहिती संरक्षण कायदा आहे, पण तो नसता तरी आम्ही हेच केलं असतं.

ज्या बालगृहात तुम्ही राहिलात त्याला तुम्ही पैसे पाठवता असं लिहिलं आहे. हे सगळं वाचून ते पुढच्या महिन्यात बंद करू नका. पैसे अचानक थांबले की पहिली झळ जेवणाला बसते, आणि मुलांना एका रात्रीत गाडीत घालून ‘घरी’ सोडणं हे त्यांना पुन्हा एकदा टाकून देण्यासारखंच आहे. त्यांच्याशी बोला. बदलायची तयारी असेल तर तुमचे पैसे केस वर्करच्या पगारासाठी द्या. आमचं बालगृह रिकामं व्हायला तीन वर्षं लागली. आधी माणसं शोधली, मग भेटी, मग एक शनिवार-रविवार, मग शाळेची सुट्टी, आणि मग मुक्काम. घरी गेल्यावर पहिले तीन महिने दर आठवड्याला, नंतर वर्षभर दर महिन्याला चक्कर. दोन मुलांचं घरी जमलं नाही, त्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं. स्वयंपाकीण आणि पहारेकरी यांच्या नोकऱ्या जाणार म्हणून ते सुरुवातीला विरोधात होते, आणि त्यांचं चूक नव्हतं. आज त्यांतल्या दोघीजणी गावोगावच्या आज्यांकडे जातात. इमारतीत दिवसाची बालवाडी आणि दवाखाना चालतो.

आणखी एक, थोडक्यात. जेवढ्या कुटुंबांचा पुढच्या दीड वर्षाचा खर्च आज बँकेत आहे तेवढ्याच कुटुंबांना शब्द द्या. शिलिंगचा भाव वरखाली होतो, देणगीदार आजारी पडतात, तुमच्या नवांतले तिघं पाच वर्षांनी नसतील. बारा कुटुंबांपासून सुरुवात केली तरी ती खरी सुरुवात आहे.

राहता राहिले इमारतीसाठी जमलेले पैसे. ते लोकांनी अनाथालयासाठी दिलेत, तेव्हा ते गुपचूप दुसरीकडे वळवू नका. प्रत्येकाला पत्र लिहा. तुम्हाला काय कळलं, योजना का बदलता आहात, आता पैसे कशाला लागतील हे सांगा, आणि नको असल्यास परत मिळतील असंही लिहा. आम्ही असं पत्र पाठवलं तेव्हा साधारण सातातल्या एकानं पैसे परत मागितले, आणि आम्ही ते महिन्याच्या आत परत केले. एका निवृत्त शिक्षिकेनं मात्र जी रक्कम खाटांसाठी दिली होती, तिच्यावर तेवढीच आणखी पाठवली. पत्रात तिनं एवढंच विचारलं होतं: त्या आजीला आता फाटकाबाहेर बसावं लागत नाही ना? तो मुलगा तेव्हा आजीच्याच घरी होता, दुसरीत.

पत्राचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देईन.